हिब्रू पासूक सुरात म्हणायला कसं शिकावं: एका वचनापासून सुरुवात

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक हकिकत आहे. नौगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, पोथ्या समुद्रात गेल्या आणि वाचलेल्या माणसांनी इथे तेलाचे घाणे चालवले. ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा जाणकार त्यांना भेटला, तेव्हा हिब्रू जवळजवळ विसरलेली होती. शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम तेवढे टिकले होते, आणि तोंडी राहिला होता एकच पासूक, म्हणजे वचन: 'शेमा इस्राएल', 'हे इस्राएल, ऐक'. भाषा गेली, लिपी गेली, पण ज्या वचनाला सूर आणि ठेका होता ते जिभेवर राहिलं.

हा लेख अशाच एका वचनाविषयी आहे. घरी बसून, योग्य उच्चारात, सुरात आणि मन लावून एक हिब्रू वचन म्हणायला शिकायचं, तेवढंच. संपूर्ण प्रार्थना म्हणजे तेफिल्ला आणि तोराचं, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचं, जाहीर वाचन या मोठ्या विद्या आहेत, त्या हज्जानाच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याच्या, समोर बसूनच येतात. पण एक वचन कुणालाही नीट शिकता येतं. आणि माझं मत विचाराल तर घाईघाईत म्हटलेल्या दहा पानांपेक्षा नीट म्हटलेलं ते एक वचन जास्त मोलाचं.

वाचन आणि आवर्तन

ज्यू परंपरेत वचन सुरात म्हणण्याच्या दोन रीती आहेत. त्यांची सरमिसळ झाली की पुढे गोंधळ होतो, म्हणून त्या आधीच वेगळ्या करून ठेवू.

पहिली रीत वाचनाची. सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, उघडतात तेव्हा वाचणारा प्रत्येक शब्द ठरलेल्या सुरात म्हणतो. गुंडाळीवर फक्त व्यंजनं असतात. स्वरचिन्हं नसतात आणि सुराच्या खुणाही नसतात. त्या खुणांना 'तआमीम' म्हणतात. गालील सरोवराकाठच्या तिबेरिया गावातल्या मासोरेत, म्हणजे हिब्रू बायबलचा मजकूर जपणाऱ्या, विद्वानांनी नवव्या-दहाव्या शतकापर्यंत त्या पक्क्या केल्या. आहरोन बेन आशेर यांनी खुणा घातलेली अलेप्पोची प्रत साधारण 930 सालची आहे, आणि खुणांसकट पूर्ण उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत 1008 ची. छापील तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलमध्ये, अक्षरांच्या वर-खाली बारीक रेघा, ठिपके आणि वळणं दिसतात, त्यांतली काही स्वरचिन्हं आणि बाकीच्या या खुणा.

दुसरी रीत आवर्तनाची: एखादं छोटं वचन पुन्हापुन्हा म्हणणं. हसीदी या ज्यू भक्तिपंथाने 'निग्गुन' म्हणजे धून हाच प्रार्थनेचा मोठा रस्ता केला. अलीकडच्या दशकांत अमेरिकेतल्या रब्बाय शेफा गोल्ड यांनी एक ओळ, साधा सूर, बरीच आवर्तनं आणि नंतर शांतता अशी पद्धत अनेकांना शिकवली. पण आवर्तन ही आजकालची टूम नाही. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी अगदी शेवटी, नेईलाच्या प्रार्थनेत, सगळी जमात 'अदोनाय हू हाएलोहीम' (परमेश्वर हाच देव) हे सात वेळा म्हणते. 118 व्या स्तोत्रातली शेवटची वचनं सणांच्या हल्लेल या स्तुतिस्तोत्रांच्या पाठात दोनदा म्हणण्याची चाल ताल्मूद या प्राचीन चर्चाग्रंथाइतकी जुनी आहे. 136 व्या स्तोत्रात तर 'की लेओलाम ख़स्दो' (त्याची दया सदैव आहे) हे पालुपद 26 वेळा येतं.

घरी या दोन्ही रीती जोडून घ्याव्यात. खुणांवरून वचनाची बांधणी समजून घ्यायची आणि मग आवर्तन करायचं. खुणा सोडून थेट आवर्तनाला बसलं की वचन हळूहळू नुसता नाद होत जातं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

वचन निवडताना

सगळ्यात ओळखीचा म्हणून शेमा निवडू नका. मिश्ना, म्हणजे ताल्मूदचा मूळ नियमसंग्रह, सांगते की प्रार्थनेत 'मोदीम, मोदीम' (आभार मानतो) असं दोनदा म्हणणाऱ्याला गप्प करावं. रब्बी झेइरा म्हणतात, 'शेमा, शेमा' म्हणणाराही तसाच. देव एकच आहे असं सांगणारं वचन लागोपाठ दोनदा म्हटलं तर दोन सत्तांना हाक मारल्यासारखं ऐकू येतं, अशी ती काळजी आहे. नेईलाच्या वेळीसुद्धा शेमा एकदाच म्हणतात. शेमा सकाळ-संध्याकाळ आपल्या जागी म्हणावा आणि आवर्तनासाठी दुसरं वचन घ्यावं.

दुसरी गोष्ट, वचन पूर्ण घ्यावं. ताल्मूदचा नियम आहे की मोशेने जिथे वचन तोडलं नाही तिथे आपणही तोडू नये. एखादा तुकडा घोळवायचा असेल तरी सुरुवातीला आणि शेवटी अख्खं वचन म्हणावं.

तिसरी गोष्ट, वचनामागची गोष्ट माहीत असावी.

मी इथे गणना या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायातलं 13 वं वचन घेतो. मिर्याम आजारी पडते, तिच्या कातडीवर बर्फासारखा पांढरा रोग उमटतो. तिने आणि आहरोनने धाकट्या भावाविरुद्ध, मोशेविरुद्ध, तोंड उघडलेलं असतं. तोच भाऊ तिच्यासाठी हाक मारतो:

वयित्सअक मोशे एल अदोनाय लेमोर, एल ना रेफा ना लाह्.

मोशेने परमेश्वराला आर्त हाक मारली आणि म्हटलं: देवा, कृपा कर, तिला बरं कर, कृपा कर. मूळ प्रार्थना फक्त पाच शब्दांची. राशी या भाष्यकाराने विचारलं आहे, मोशेने इथे लांब प्रार्थना का केली नाही? त्याचं एक उत्तर असं, की बहीण संकटात आहे आणि हा उभा राहून प्रार्थना वाढवतोय असं लोकांनी म्हणू नये म्हणून. ताल्मूदमध्ये याच वचनावरून आणखी एक प्रसंग आहे. रब्बी एलिएझरांचा एक शिष्य प्रार्थना फारच आटोपती घेत होता. बाकीचे कुरकुरले तेव्हा गुरू म्हणाले, 'एल ना रेफा ना लाह्' म्हणणाऱ्या मोशेपेक्षाही हा आखूड म्हणतो का? तिथेच पुढे असंही सांगितलं आहे की आपल्या माणसासाठी प्रार्थना करताना त्याचं नाव घेतलंच पाहिजे असं नाही, मोशेनेही मिर्यामचं नाव घेतलं नाही. घरात कुणी आजारी असेल तर हे वचन फार जवळचं वाटतं.

उच्चार: मराठी जिभेला काय सोपं, काय अवघड

पहिला आठवडा सूर लावूच नका, फक्त शब्द बोला. देवनागरी टिपण हाताशी असू द्या, पण ते आधारापुरतं. जमेल तसं हिब्रू अक्षर ओळखायला लागा.

'त्सादी' हे अक्षर मराठी माणसाला फुकटात मिळतं. 'चोर', 'चांगला', 'चमचा' या शब्दांत आपण जो च म्हणतो तोच तो, 'चहा'तला नाही. तसंच 'झायिन'साठी 'बाजार'मधला ज चालतो.

'ख़ेत' आणि 'ख़ाफ'साठी मात्र मेहनत आहे. 'खंत'मधला ख इथे उपयोगाचा नाही. घशात मागे घासून निघणारा, उर्दूतल्या 'ख़ुदा'सारखा आवाज हवा. येमेनी आणि इराकी वळणाचे लोक ख़ेत आणखी खाली, घशाच्या तळातून काढतात, तोही बरोबरच आहे. 'आयिन' हे अक्षरही येमेनी आणि बगदादी परंपरेत घसा आवळून म्हणतात, आजच्या इस्राएलमध्ये बहुतेक जण ते गाळतात. 'वयित्सअक'मध्ये त्स आणि क यांच्या मधोमध हे अक्षर बसलं आहे. घसा आवळता येत नसेल तर निदान तिथे किंचित अडखळा. 'वयित्साक' असं सपाट म्हणू नका.

'रेफा'मधला रे लांबवू नका. मराठीत ए नेहमी भरदार येतो, इथे तो जेमतेम स्पर्श करून जातो आणि सगळा जोर 'फा'वर पडतो. हिब्रूत बहुतेक शब्दांचा जोर शेवटच्या अवयवावर असतो, काहींचा त्याच्या आधीच्या. जोर चुकला की अर्थ हलतो. उत्पत्तीच्या 29 व्या अध्यायात राहेल मेंढरं घेऊन येताना दिसते तेव्हा 'बाआ'चा जोर शेवटी आहे, म्हणजे ती येते आहे. तीन वचनांनंतर तोच शब्द जोर पहिल्या अवयवावर घेऊन येतो, म्हणजे ती येऊन पोचली. राशी हा फरक मुद्दाम दाखवतो.

शेवटचा 'लाह्'. त्यातल्या ह या अक्षराच्या पोटात एक ठिपका असतो, त्याला 'मप्पीक' म्हणतात. ठिपका असेल तर तो ह नुसता लिहिण्यापुरता नसतो, श्वास सोडल्यासारखा ऐकू यायला हवा. 'ला' म्हणून तोंड मिटू नका. आ संपला की उरलेला श्वास हलका बाहेर जाऊ द्या. संपूर्ण वचनात माझ्या मते सर्वांत सुंदर जागा हीच आहे, आणि सर्वांत जास्त गाळली जाते तीही हीच.

शब्दांमधली फट हाही उच्चाराचाच भाग. शेमाविषयी ताल्मूद बजावतो की एका शब्दाचं शेवटचं अक्षर आणि पुढच्याचं पहिलं अक्षर सारखं असेल तर मध्ये जागा ठेवा: 'अल लेवावेख़ा', 'एसेव बेसादेख़ा'. शेमाच्या शेवटी 'एख़ाद'मधला द रेंगाळू द्यावा, आणि रव आशी जोडतात की ख़ घाईत उडवू नये. इतक्या बारीक काळजीने घेतलेलं वचन मग आपोआप सावकाश होतं.

वळणांविषयी एक सूचना. आपल्याकडे जुनी माणसं 'एलियाहू हन्नाबी' (प्रेषित एलिया) म्हणतात, इस्राएलहून आलेली मुलं 'हानावी' म्हणतात. दोन्ही वळणं खरी आहेत. ज्या घरातून किंवा ज्या हज्जानाकडून शिकाल त्यांचं वळण धरा आणि एका वचनात दोन वळणं मिसळू नका.

खुणा वाचणं

आता तनाख उघडून वचनाकडे पाहा. प्रत्येक शब्दाला एक खूण आहे. काही खुणा तोडणाऱ्या असतात, काही जोडणाऱ्या. सगळ्यात मोठे थांबे दोन: वचनाच्या मध्याला 'एतनाख़ता' आणि शेवटी 'सोफ पासूक'. आपल्या वचनात एतनाख़ता 'लेमोर'खाली आहे. म्हणजे 'मोशेने हाक मारली आणि म्हटलं' इथे श्वास घ्यायचा, त्यानंतर ती पाच शब्दांची हाक.

त्या पाच शब्दांतली गंमत आता पाहा. 'एल'वर 'झाकेफ गादोल' आहे, ही ठळक तोडणारी खूण. पहिल्या 'ना'खाली 'तेवीर' आहे, तीही तोडणारी, पण हलकी. 'रेफा'खाली 'मेर्ख़ा' आहे, ती पुढच्या शब्दाला जोडते. दुसऱ्या 'ना'खाली 'टिपख़ा', पुन्हा थांबा. म्हणजे बांधणी अशी होते:

एल । ना । रेफा-ना । लाह्

इतक्या आखूड वाक्यात तीन ठिकाणी तोड. दाटलेल्या गळ्याने माणूस जसं बोलतो तसंच हे खुणांनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. एका दमात 'एलनारेफानालाह' म्हटलं की हे सगळं पुसून जातं.

हाताने शिकलं की खुणा लवकर बसतात. पूर्वी वाचणाऱ्याच्या शेजारी उभं राहून हाताच्या इशाऱ्यांनी सूर दाखवण्याची चाल होती. रब्बी अकिवा उजव्या हाताचा मान सांगताना, त्याच हाताने तोराच्या तआमीम दाखवतात, हे कारण देतात. तुम्हीही बोलताना हवेत हात फिरवा: झाकेफला हात वर नेऊन थांबवा, मेर्ख़ाला पुढे सरकवा, टिपख़ाला खाली आणा, सोफ पासूकला टेकवा. पाच-सहा दिवसांत हात आधी हलतो आणि आवाज त्याच्या मागे जातो.

सूर लावणं

तोरावाचनाचा सूर प्रत्येक समाजाचा वेगळा आहे. खुणा एकच, पण येमेनी, मोरोक्कन, अश्केनाझी, बगदादी कानांना त्या वेगवेगळ्या ऐकू येतात. तुमच्या सिनेगॉगचा सूर मिळत असेल तर तोच घ्या. मिळत नसेल तर सरावासाठी मी एक साधी बांधणी देतो. ही पारंपरिक चाल नव्हे, फक्त खुणांच्या चढउताराला धरून केलेली आहे. पेटीवर आपल्या आवाजाला सोसेल तो सा धरा आणि म्हणा: एल प, ना म, रेफा म-ग, ना रे, लाह् सा. 'फा' गवर थोडा थांबतो कारण जोर तिथे आहे. 'एल'नंतर खरोखरच थांबा. 'लाह्'चा श्वास सा सुटल्यावर येतो. 'वयित्सअक'पासून 'लेमोर'पर्यंतचा भाग सा-रे-गमध्ये, बोलण्याच्या गतीने म्हणा.

तान, मुरकी, ठेका यांचा मोह होतो, विशेषतः ज्याने भजन-कीर्तन ऐकलं आहे त्याला. बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःची कीर्तनं रचली, त्यांत पेटी होती, मराठी छंद होते, तनाखमधली आख्यानं होती. ती फार मोलाची परंपरा आहे. पण तिथे वचनाभोवती मराठी कथा उभी असते, इथे वचन एकटं आहे. ताल्मूद सांगतो की गीतरत्नातलं वचन मैफिलीत करमणुकीचं गाणं करून म्हटलं तर तोरा गोणपाट नेसून देवासमोर उभी राहते आणि म्हणते, तुझ्या लेकरांनी मला थट्टेखोरांची वीणा केलं. उलट रब्बी योहानान म्हणतात, गोडव्याशिवाय वाचणारा आणि सुराशिवाय शिकणाराही चुकतोच. सूर हवा, पण त्याने वचनाची सेवा करावी. ज्या दिवशी तुमचं लक्ष शब्दांपेक्षा आपल्या आवाजाकडे जास्त जाईल त्या दिवशी सूर आणखी साधा करा.

बैठक

मिश्नामध्ये जुन्या भक्तांविषयी लिहिलं आहे की मन पित्याकडे लागावं म्हणून ते प्रार्थनेआधी तासभर नुसते थांबत. ताल्मूद पुढे जोडतो की प्रार्थना झाल्यावरही ते तासभर थांबत. आपल्याला तास जमणार नाही. पण प्रमाण लक्षात घ्या: आधीची शांतता, म्हणणं, नंतरची शांतता, तिन्ही सारखी. पाच-पाच मिनिटांनी सुरुवात करा.

जागा स्वच्छ हवी. न्हाणीघर-संडासाजवळ पवित्र वचन म्हणत नाहीत. डोकं झाका. यरुशलेमकडे तोंड करायची रीत आहे, आपल्याकडून ती दिशा पश्चिमेची. बसा किंवा उभे राहा. अंग डुलायला लागलं तर डुलू द्या, 'माझी सगळी हाडं म्हणतील' असं 35 व्या स्तोत्रात आहे, पण मुद्दाम डुलू नका.

पहिली पाच मिनिटं फक्त श्वास आणि ज्याच्यासाठी म्हणायचं आहे ते माणूस डोळ्यांपुढे. मग अख्खं वचन एकदा, बोलून. मग अख्खं वचन सुरात. त्यानंतर पाच शब्दांचं आवर्तन सात वेळा, नेईलाच्या सात वेळांची आठवण ठेवून. पहिली दोन मोकळ्या आवाजात, पुढची हळूहळू उतरत, शेवटचं हन्नासारखं: तिचे ओठ हलत होते आणि आवाज ऐकू येत नव्हता, असं शमुवेलच्या पुस्तकात लिहिलं आहे. बाकी सगळी आवर्तनं मात्र आपल्या कानाला ऐकू आली पाहिजेत. रब्बी योसे शेमाबाबत तेच सांगतात: तोंडातून काढशील ते कानाला ऐकव. शेवटी अख्खं वचन पुन्हा एकदा, आणि शांतता. या शांततेत फोन उचलायचा नाही. माझ्या अनुभवात जे काही व्हायचं ते बहुधा इथेच होतं.

मन भरकटलं तर आवर्तन मोजत बसू नका. ज्या शब्दावर मन सुटलं तिथपासून नव्हे, 'एल'पासून पुन्हा सुरू करा. घसा खरखरला तर त्या दिवशी थांबा.

नावाची जपणूक

देवाचं चार अक्षरी नाव जसं लिहिलं आहे तसं कुणीही उच्चारत नाही. प्रार्थनेत आणि वचन वाचताना 'अदोनाय' म्हणतात. नुसता सुराचा सराव चालू असताना, पेटीवर चाचपडताना, पाळणारे लोक 'अदोनाय'ऐवजी 'हाशेम' आणि 'एल'ऐवजी 'केल' म्हणतात. सरावात हेच करा आणि बैठकीला बसल्यावर खरं नाव घ्या, त्याने सराव आणि प्रार्थना यांच्यातला फरक तोंडालाच कळतो. नाव हिब्रूत लिहिलेला कागद कचऱ्यात टाकू नका. जीर्ण झाला की सिनेगॉगमध्ये द्या, तिथे असे कागद गेनिझात, म्हणजे अशा जुन्या कागदांच्या साठ्यात, ठेवून पुढे पुरतात. शब्बाथला पेटी, मोबाईल, रेकॉर्डिंग काहीच नाही. त्या दिवशी नुसत्या गळ्याने म्हणा.

ज्यू नसलेल्या वाचकांना एवढंच सांगेन: स्तोत्रांतली वचनं सगळ्यांनी म्हणावीत अशीच आहेत, मनापासून म्हणा. मात्र तल्लीथ (प्रार्थनेची शाल), तेफिलीन (अंगावर बांधायच्या वचनांच्या छोट्या पेट्या) यांसारख्या ज्यूंवरच्या बंधनांच्या वस्तू वापरू नका आणि वचनं कार्यक्रमात 'सादर' करू नका.

पुढची वचनं

महिना-दोन महिने एकच वचन ठेवा. मग 118 व्या स्तोत्रातलं 5 वं घ्या: 'मिन हम्मेत्सार काराती याह्, अनानी वम्मेर्ख़ाव याह्'. अडचणीतून मी हाक मारली, त्याने मोकळ्या जागेत उत्तर दिलं. रोश हाशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, शोफार हे शिंग फुंकण्याआधी हेच म्हणतात. 'काराती'चा जोर 'रा'वर, 'अनानी'चा 'ना'वर, आणि 'याह्'च्या ह मध्ये तोच मप्पीक आहे, तो तुम्हाला आता येतो. स्तोत्रं, नीतिसूत्रं आणि ईयोब या तीन पुस्तकांच्या खुणांची व्यवस्था वेगळी आहे. तिचा सूर बहुतेक समाजांत हरवला, म्हणून स्तोत्रांना चाल लावण्याची मोकळीक जास्त आहे. थांबे मात्र खुणांचेच ठेवा. घरात चार माणसं असतील तर 136 वं स्तोत्र घ्या, एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी 'की लेओलाम ख़स्दो'. लहान मुलं यात सगळ्यात लवकर रमतात.

कान तयार करायला शुक्रवारची संध्याकाळ सर्वांत चांगली. 1796 साली समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं मुंबईतलं शाआर हाराहामीम, ठाण्याचं शाआर हाशामायिम, पुण्याचं लाल देऊळ म्हणजे 1867 चं ओहेल डेव्हिड, यांपैकी जवळ असेल तिथे आधी विचारून, ओळखपत्र घेऊन जा. मागच्या बाकावर बसा आणि पहिल्या दोन-तीन वेळा काहीच म्हणू नका, नुसतं ऐका. निघताना हज्जानाला आपलं वचन म्हणून दाखवायची परवानगी मागा. 'लाह्'चा ह ऐकू येतो का, एवढं त्यांना विचारा.